फिनेल घातलेली माती

फिनेलवाल्यांच्या घरात चप्पल घालून आत गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. दाराबाहेर एक पायपुसणं, दाराच्या आत दुसरं, आणि चकचकीत फरशीवर कोणी घसरू नये म्हणून भिंतीला धरायला दांडी. पाहुणा पाणी प्यायला की पेला ओठांवरून खाली येण्याआधीच त्यांच्या बायकोचा, म्हणजे भिंगरीच्या आईचा, हात पुढे झालेला असे. पाहुणा जिना उतरत असतानाच तो बसला होता तिथलं चादरीचं कापड बादलीत पडायचं. लोक हसायचे. हसू देत बापडे, म्हणायचे फिनेलवाले, त्यांच्या मोऱ्या बघितल्यात का कधी?

घरामागे पत्र्याची शेड होती. तोच धंदा, तोच संसाराचा आधार. फिनेलच्या अर्काचे कॅन आणायचे, पिंपात पाणी भरायचं, त्यात अर्क ओतून लाकडी दांड्याने ढवळायचं, की बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं. मग गुलाब, लिंबू नाहीतर मोगरा, गिऱ्हाईक मागेल तो वास. नरसाळ्याने बाटल्या भरायच्या, बूच घट्ट करायचं, लेबल चिकटवायचं. लेबलावर फरशीवर रांगणारं एक गुटगुटीत बाळ. ते बाळ म्हणजे यांचीच भिंगरी, दात नसतानाची. शाळा, दवाखाने, लग्नाचे हॉल, सगळीकडे ती बाटलीवरून रांगत पोचली होती.

आता भिंगरी दुसरीत होती आणि तिला दमा होता.

पण हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. घरात त्याला ‘सर्दी’ म्हणत. सर्दी झाली की भिंगरीच्या छातीत घरघर सुरू व्हायची, गळ्याजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जायचा, आणि दोन वाक्यं बोलायची तर तिला मध्ये थांबावं लागायचं. नाव भिंगरी, पण पोरीने एक गिरकी घेतली की आई ओरडायची, “बस खाली! सर्दी होईल!” आणि बसायचं कुठे, तर नुकत्याच फिनेलने पुसलेल्या फरशीवर.

बालरोगाच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता. औषधाचा पंप, त्याला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं, रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता, असं बजावलं होतं. फिनेलवाल्यांनी तो मुकाट्याने विकत घेतला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूखाली ठेवून दिला. पंपाची सवय लागते, असं त्यांना मेहुण्याने सांगितलं होतं. मेहुणा टायरच्या दुकानात होता, तेव्हा पंपाबद्दल त्याला कळत असणारच. शिवाय पंप हा शेवटचा उपाय, तो आत्ताच वापरून संपवला तर पुढे काय? आणि खरं सांगायचं तर पोटात भीती वेगळीच होती. फिनेलवाल्याच्या पोरीला दमा आहे ही बातमी गावभर झाली, तर त्या बाटलीवरच्या बाळाकडे लोक कुठल्या नजरेने बघतील?

भिंगरीवर त्यांचा जीव होता, यात काडीचीही शंका नको. ती धापा टाकायला लागली की हा माणूस शेडमध्ये जाऊन पिंपाला टेकून उभा राही आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून डोळे पुसे. पण डोळे पुसून झाले की पुन्हा ढवळायला लागे.

अशात त्यांच्या वसाहतीच्या सभागृहात एक व्याख्यान ठरलं. विषय होता ‘लहान मुलं, ॲलर्जी आणि जंत’. जंत म्हटल्यावर फिनेलवाल्यांचे कान टवकारले. जंत, जंतू, किडा, काहीही असो, शेवटी माल आपलाच खपणार. त्यांनी कमिटीला सांगून दाराशी टेबल टाकायची परवानगी मिळवली, नमुन्याच्या छोट्या बाटल्यांची खोकी भरली, आणि स्वतः कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

व्याख्यान द्यायला एक तरुण संशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी दिवे मालवून भिंतीवर पहिलंच चित्र दाखवलं ते एका लांबलचक, गुलाबी जंताचं. मागच्या रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून उठून गेल्या. भिंगरीच्या आईने तर डोळेच मिटले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

बाई म्हणाल्या, “आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक फौज असते. उष्ण प्रदेशात हजारो वर्षं माणसाच्या आतड्यात जंत होते, त्यामुळे फौजेला काम होतं. जंतसुद्धा हुशार. ते फौजेला गोंजारून शांत ठेवतात, म्हणजे आपल्याला मारू नये. आता आपण सगळं चकाचक केलं. फौजेला कामच उरलं नाही. मग ती काय करते? धूळ दिसली, परागकण दिसले, मांजराचा केस दिसला, की त्याच्यावरच तुटून पडते. काही ठिकाणी असं दिसलं आहे, की ज्या मुलांच्या पोटात अमुक प्रकारचे जंत होते, त्यांच्यात दमा कमी होता.”

फिनेलवाले खुर्चीत ताठ झाले. छातीत काहीतरी लख्ख पेटल्यासारखं झालं. म्हणजे घर फार स्वच्छ आहे म्हणून! म्हणजे औषध पोटात हवं होतं आणि आपण ते रोज मोरीत मारत होतो! तेवढ्यात बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पण...”

आता व्याख्यानातला ‘पण’ आला की ते संपत आलं, हे धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं. लोक दाराशी येण्याआधी बाटल्या मांडून व्हायला हव्यात. फिनेलवाले वाकून, लोकांचे पाय तुडवत, बाहेर सटकले. बाईंचा ‘पण’ पुढे चांगला अर्धा तास चालला. त्यात दुसऱ्या जातीच्या जंतांनी उलट दमा वाढतो हे होतं, जंतांमुळे मुलांचं रक्त कमी होतं आणि वाढ खुंटते हे होतं, आणि हा काही उपचार नव्हे, घरी असले प्रयोग कृपा करून करू नका, हेही होतं. फिनेलवाले तेव्हा दाराशी मोगरा पुढे आणि लिंबू मागे लावत होते. आणि बायको आत असून नसल्यासारखी. जंत दिसू नये म्हणून डोळे मिटले होते ते ठीक, पण दिवे मालवलेल्या सभागृहात दिवसभर पुसून पुसून दमलेली बाई डोळे मिटून किती वेळ जागी राहणार?

घरी आल्यावर त्यांनी पायपुसण्यावर पाय न पुसताच आत पाऊल टाकलं.

“अहो!” भिंगरीची आई किंचाळली.

“राहू दे गं. आजपासून थोडी घाण पाहिजे घरात.”

“काय पाहिजे?”

“घाण. जंत. भिंगरीच्या सर्दीवर तोच उपाय आहे. एवढी शिकलेली बाई उगाच सांगेल का? तू ऐकलं नाहीस?”

आता झोप लागली होती असं कोणती बायको कबूल करेल? “ऐकलं की,” ती म्हणाली. “पण ते इतर लोकांसाठी असेल. माझ्या घरात जंत येणार असतील तर मी माहेरी जाते.”

“अगं, पोरीसाठी.”

पोरीसाठी म्हटल्यावर ती माहेर विसरली. आतल्या खोलीत भिंगरी उशीला टेकून चित्रं रंगवत होती, आणि तिच्या श्वासाची बारीक शिट्टी बाहेरपर्यंत ऐकू येत होती. दोघांनीही ती ऐकली. आई पदराचं टोक पिळत म्हणाली, “बरं. पण स्वच्छ जंत आणा.”

स्वच्छ जंत कुठे मिळतात? फिनेलवाल्यांनी सकाळी फरशी पुसायला आलेल्या मावशींना गाठलं. मावशींची नात भिंगरीच्याच वयाची, नाल्याच्या काठाला राहणारी, दिवसभर अनवाणी उंडारणारी, आणि तिला शिंक आलेली कोणी ऐकली नव्हती.

“मावशी,” फिनेलवाले घसा खाकरून म्हणाले, “तुमच्या नातीला जंत आहेत का हो?”

मावशींनी फडकं बादलीत आपटलं. “असं का विचारता साहेब? चोरीबिरीचा आळ घ्यायचा असेल तर सरळ घ्या. माझ्या पोरीच्या पोटावर कशाला जाता?”

“अहो, वाईट म्हणून नाही विचारत. असले तर चांगलंच आहे.”

“चांगलं? पोटाचा नुसता नगारा झाला होता तिच्या. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, तोंड पांढरंफटक. परवाच शाळेत जंताची गोळी दिली. झाली मोकळी.” मावशींचा चेहरा जरा उजळला. “आता बघा कशी धरते बाळसं.”

“सगळे गेले?” फिनेलवाल्यांचा आवाज चिरकला.

“एकूण एक.”

“अहो, जरा थांबायचं तरी! विचारायचं तरी!” ते कपाळाला हात लावून खाली बसले. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. शेजारच्या घरी जाऊन त्यांनी सांगितलं, की साहेबांच्या डोक्यात वास गेलाय.

जंत गेले, पण माती तर आहे! जंत मातीतूनच येतात, एवढं भिंतीवरच्या दुसऱ्या एका चित्रात स्पष्ट दिसलं होतं. फिनेलवाल्यांनी रोपवाटिकेतून मातीचं पोतं आणलं. काळी, भुसभुशीत माती. ते दारातून आत येताना भिंगरीच्या आईने नाकाला रुमाल लावला आणि भिंगरीने टाळ्या वाजवल्या. तिला जन्मात कोणी मातीला हात लावू दिला नव्हता.

“अशीच द्यायची?” आई म्हणाली. “आत काय काय असेल! खडे, काचा, किडे...”

“किडेच तर हवेत.”

“ते हवेत ते हवेत. नको ते कशाला?”

फिनेलवाल्यांनी पोतं तिच्यापुढे सरकवलं. तिने माती मैद्याच्या चाळणीने चाळली. चाळलेली माती मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर परतली, चांगली वाफ येईपर्यंत. गार झाल्यावर ती बाल्कनीतल्या पसरट टबमध्ये ओतली आणि वर पाणी शिंपडलं, तेही उकळून गार केलेलं. भिंगरीला जुना फ्रॉक, हातात रबरी मोजे आणि डोक्याला फडकं बांधून तयार केलं. ती म्हणाली, “आई, मोजे नको ना.” आई म्हणाली, “मग माती नको.” भिंगरीने मोजे घातले.

टबमध्ये आता ना किडा, ना जंत, ना त्यांच्या पूर्वजांचा मागमूस. पोरीला पावडरच्या डब्यात बसवलं असतं तरी एवढाच गुण आला असता. पण दोघं नवरा-बायको टबाकडे असे बघत होते की जणू आता त्यातून आरोग्य उगवणार.

आणि तेवढ्यात फिनेलवाल्यांनी नाक आक्रसलं. भाजलेल्या मातीला एक करपट, ओलसर वास येत होता. त्या माणसाचं सगळं आयुष्य एका कामात गेलं होतं. वाईट वास आला की हात आपोआप बाटलीकडे जायचा. आत्ताही तो गेला. त्यांनी एक बूचभर गुलाब मातीवर शिंपडला. बूचभराने वास जाईना, म्हणून आणखी थोडा. मग बायको म्हणाली, “घाला की नीट, घरचंच आहे,” म्हणून अर्धी बाटली. उन्हात तापलेली बाल्कनी गुलाबाने घमघमली.

“जा भिंगरे,” फिनेलवाले लाडाने म्हणाले, “हवी तेवढी लोळ.”

भिंगरीने टबात उडी मारली. तिने डोंगर केला, डोंगरात बोगदा केला, बोगद्यातून बोटांची गाडी काढली. ती हसत होती. ती एवढी खदाखदा हसलेली दोघांनी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फिनेलवाले म्हणाले, “बघ. म्हटलं नव्हतं?”

मग हसणं थांबलं. आधी त्यांना वाटलं, खेळात रमली असेल. भिंगरी टबाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. गळ्याजवळचा खड्डा आत, बाहेर, आत. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून शब्दाऐवजी शिट्टी येत होती. तिचे निळसर ओठ बघून आईने हंबरडा फोडला.

“पंप! अहो, पंप काढा!”

कपाटाची किल्ली सापडेना. सापडली तर शालू निघेना. खोक्यावरचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं. फिनेलवाल्यांनी पंप भिंगरीच्या तोंडाला लावला आणि जोरात दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही. ज्या माणसाने आयुष्यात अगणित बाटल्यांना बुचं लावली आणि काढली, त्याला पंपाच्या तोंडावरचं टोपण काढायचं सुचलं नाही. ते टोपण आईने उपटून काढलं, तोवर भिंगरीची मान कलंडायला लागली होती, आणि पंप दाबला की श्वास आत घ्यायचा असतो हे तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. औषध गालावर उडालं. फिनेलवाल्यांनी तिला तशीच मातीसकट छातीशी धरली आणि जिना उतरून रिक्षात बसले.

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर बसवलं, तोंडाला मास्क लावला, मशीन सुरू केलं. पांढरी वाफ मास्कमधून येत राहिली. दंडात सुई टोचली. फिनेलवाले भिंतीला चिकटून उभे होते आणि तोंडाने नुसतं “बाळा, बाळा” चाललं होतं. भिंगरीची आई खाली फरशीवर बसली होती. ती फरशी स्वच्छ आहे की नाही, हे तिने पाहिलंसुद्धा नाही.

हळूहळू शिट्टी मंदावली. ओठांवर रंग आला. डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि मग पोरीच्या फ्रॉककडे बघितलं.

“ही माती कसली?”

फिनेलवाल्यांनी सांगितलं. व्याख्यान सांगितलं, फौज सांगितली, जंत सांगितले.

“आणि जंत यावेत म्हणून आणलेली माती तुम्ही भाजलीत?”

“हो.”

“आणि वरून फिनेल टाकलंत?”

“अर्धीच बाटली. वासासाठी.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जंत मातीत येतात ते कोणाच्या तरी शौचातून. ते पोटात गेले असते तर दम्याच्या जोडीला पोरीचं रक्त कमी झालं असतं, बस. तो उपचार नाही. उपचार मी तुम्हाला लिहून दिला होता. पंप रोज देत होतात?”

“पंप म्हणजे शेवटचा उपाय ना डॉक्टर...”

“शेवटाची वाट बघत होतात?”

फिनेलवाले भिंतीला आणखी चिकटले.

“आजपासून पंप चालू,” डॉक्टर म्हणाले. “कसा घ्यायचा ते तिघांनीही माझ्यासमोर शिकून जायचं. आणि दुसरं. घरात उग्र वास कसला असतो? तुमचा कारखाना घराला लागूनच आहे ना?”

आता मात्र फिनेलवाले ताठ झाले. पोरीच्या जिवावर बेतलं होतं हे खरं, चूक झाली हे खरं, पण माल तो माल. “डॉक्टर, माझ्या फिनेलने आजवर कोणाला काही झालेलं नाही. मी स्वतः दिवसभर त्यात असतो. माझ्या घरात कोणालाही त्या वासाचा त्रास नाही. हवं तर विचारा.”

“अहो,” भिंगरीची आई खालून हळूच म्हणाली.

“तू थांब. कोणाला त्रास आहे? सांगा ना!”

डॉक्टरांनी भिंगरीच्या तोंडावरचा मास्क काढला, तिच्या गालावर टिचकी मारली आणि म्हणाले, “झालं बेटा. जा बाबांकडे.”

फिनेलवाल्यांनी हात पुढे केले. भिंगरी टेबलाच्या कडेपर्यंत सरकली. आता तिला श्वास येत होता, चांगला मोठा, पोटापर्यंत. तिने तसा एक भरून घेतला, गाल फुगवले, ओठ गच्च मिटले, आणि मग बाबांकडे दोन्ही हात केले.

“हे काय करतेस?” फिनेलवाले हसून म्हणाले.

भिंगरीने फुस्सकन हवा सोडली. “श्वास धरते.”

“कशाला गं?”

“तुम्ही उचलता ना, मग धरायचाच असतो.” तिला वाटत होतं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. “रोज धरते मी. नाहीतर खोकला येतो, आणि खोकला आला की तुम्ही रडता.”

फिनेलवाल्यांचे हात हवेत तसेच राहिले. डॉक्टर खिडकीकडे वळले. भिंगरीच्या आईने पदर तोंडात कोंबला. फिनेलवाले तसेच कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. नळ सोडला. डॉक्टरांच्या साबणाने हात धुतले, मनगटं धुतली, कोपरापर्यंत धुतलं. अंगातला शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि बनियनवरच तोंड, मान, कानामागे, सगळीकडे साबण चोळला. पाणी फरशीवर सांडलं. ते तसेच निथळत टेबलापाशी आले आणि घाबरत घाबरत तळवे पोरीच्या नाकापुढे धरले.

“आता, भिंगरे?”

भिंगरीने वाकून मन लावून वास घेतला. मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोटं बोलावं की खरं, असा विचार तिने क्षणभर केला असावा.

“येतो, बाबा,” ती म्हणाली. “पण थोडासाच. मी धरते ना.”

आणि तिने पुन्हा गाल फुगवून हात वर केले.